लाकडी मुठीवरचा आळ

मी आयुष्यातला पहिला तलवारीचा वार केला तो एका सोमवारी सकाळी, पूजा आटोपल्यावर, ओले हात पदराला पुसून. तो चुकला. समोर गवताचा पुतळा होता, तो जागचा हलतही नव्हता, तरी चुकला. शेजारच्या खुर्चीत सून बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. ती म्हणाली, "असू दे आई, पुतळा कुठे पळून जातोय." तिने धीर द्यायलाच म्हटलं, पण मला ते जरा लागलं. नेमक्या याच स्वरात मी तिला स्वयंपाकघरात "असू दे, जमेल हळूहळू" म्हणत असते. तो स्वर समोरून कसा ऐकू येतो, ते मला त्या दिवशी कळलं.

सून गेम बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. ती गेम खेळत नाही, तपासते. हा फरक मी नातेवाइकांना समजावून समजावून थकले. जेवणारा वेगळा आणि आमटीत मीठ बरोबर पडलंय का ते बघणारा वेगळा, असं सांगितलं की ते मान डोलावतात आणि पुन्हा विचारतात, म्हणजे दिवसभर गेम खेळायचा पगार मिळतो होय? मी बोलत नाही. आवाज चढवायचा नाही हा माझा रोजचा नेम आहे. खोटं बोलायचं नाही हा दुसरा. आणि देवासमोरून हात जोडल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा तिसरा. तिन्ही साधे नेम आहेत. कुणाला त्रास होईल असं त्यात काही नाही, असं मी त्या सोमवारपर्यंत समजत होते.

सुनेची नोकरी अजून कच्ची होती. त्या आठवड्यात शस्त्रांचा रिपोर्ट द्यायचा, तो नीट झाला तर कायम करणार, नाही तर नमस्ते, असं तिच्या प्रमुख बाईंनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. आणि आदल्याच आठवड्यात ती माळ्यावरचं मोठं पातेलं काढताना स्टुलावरून पडली. पातेलं मला हवं होतं. पातेल्याला पोचाही आला नाही.

डाव्या हाताने तलवार चालवता येईना, दुसरा माणूस मागावा तर नोकरी कच्ची, म्हणून मीच म्हटलं, मला दाखव कुठलं बटण दाबायचं ते. मला वाटलं, तेवढ्यावर भागेल. पण कंपनीची परवानगी लागते. परवानगीच्या अर्जात मदतनिसाचं नातं विचारलं होतं आणि खाली पर्याय दिले होते: जोडीदार, आईवडील, भावंड, अपत्य. सासू नव्हती. इतकी वर्षं संसार करून मी अर्जात "इतर" झाले. पुढे, गेममध्ये मारामारी असल्यामुळे मी सज्ञान असल्याचा पुरावा मागितला. तो दिला. मग ऑफिसात सहकाऱ्यांशी कसं वागावं याची एक फिल्म मला पूर्ण बघायला लावली, आणि शेवटी गुप्ततेचा करार आला. गेमबद्दल, कामाबद्दल, तलवारीबद्दल बाहेर कुणाकडे, अगदी जोडीदाराकडेसुद्धा अवाक्षर काढायचं नाही. मी सही केली. आमचे हे तेव्हा माझ्या खांद्यावरून तोच करार वाचत होते. त्यांना पेपर देऊन बाल्कनीत बसवलं. ते तिथून दारातून सल्ले देत राहिले.

आता काम काय होतं ते सांगते. करार मी मोडत नाहीये. तो गेम आता बाजारात आला आहे आणि त्याचं नाव मी घेणार नाही.

गेममध्ये एक शिपाई असतो. त्याचं नाव फार अवघड होतं, म्हणून मी त्याला सरदार म्हणायची. सरदाराजवळ तलवार. गावच्या वेशीपाशी लोहार बसतो, तो तलवारीत बदल करून देतो. मूठ बदला, पातं बदला, मुठीत खडा बसवा. बदल केला की पडद्यावर आकडे बदलतात: मारा किती, वेग किती, वजन किती. पण सून म्हणाली, खरी गंमत न दिसणाऱ्या आकड्यांत आहे. वार नेमका मर्मावर बसण्याची शक्यता किती, शत्रू किती वेळा लटपटतो, धार किती लवकर उतरते, हे खेळणाऱ्याला कधीच दाखवत नाहीत. ते आत कुठेतरी असतात आणि फक्त जाणवतात. ह्यांनी चष्म्याची काडी बदलली तेव्हा चष्मा छान दिसायला लागला आणि कानामागे व्रण पडला, तसं. मूठ बदलली की कुठला दडलेला आकडा किती हलतो, तो ठरवल्याइतकाच हलतो की नाही, हे तपासायचं. म्हणजे मूठ बदलायची, वेशीपलीकडच्या माळावर जायचं, पुतळ्याला खूप वेळा मारायचं, परत यायचं, दुसरी मूठ लावायची, पुन्हा जायचं.

बरेच लोक इथे गोंधळतात म्हणे. मला ते चटकन कळलं. न दिसणारे हिशेब कुणीतरी वर बसून मांडतोय आणि आपल्याला फक्त त्यांचे फटके जाणवतात, यावर माझा आधीपासूनच विश्वास आहे.

वेशीवर, लोहाराच्या दुकानाला लागून, झाडाखाली एक छोटं देऊळ होतं. आत दगडाचा देव. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला चेहराच दिला नव्हता. पण पुढे दिवा तेवत होता, आणि दिवा आहे म्हणजे देव आहे. मी सुनेला विचारलं, सरदाराला वाकता येतं का? ती प्लॅस्टरवर चढलेली मुंगी झटकत होती. म्हणाली, डावीकडचं खालचं बटण. मी दाबलं. सरदार कमरेत वाकला, छान, सावकाश. त्यानंतर माळावर जाताना आणि येताना मी त्याला प्रत्येक वेळी वाकायला लावलं. त्यात विशेष काही केलं असं मला वाटलंच नाही.

पहिले दोन दिवस लोखंडी मूठ, पितळी मूठ, कातडी वेष्टणाची मूठ झाली. माझा हात बसत गेला; पुतळ्याच्या काड्या जास्त पडायला लागल्या, त्या सरावाच्या खात्यावर गेल्या. हाडाच्या मुठीला मी आधी नाही म्हटलं, मग हे काम आहे असं मनाला समजावून तीही लावली. लाकडी मूठ सगळ्यात शेवटी आली. ती सगळ्यात स्वस्त, नवशिक्यांसाठी ठेवलेली. सून म्हणाली, हिच्यात काही नसतं, पटकन उरकू.

मी पहिला वार केला आणि पुतळ्याचं डोकं उडालं.

दुसरा केला, पुतळा उभा चिरला. नवा पुतळा आला, तोही गेला. सून खुर्चीत पुढे सरकली. मर्मावरचा घाव म्हणजे क्वचित लागणारी गोष्ट, तो प्रत्येक वाराला लागत होता. तिच्या चेहऱ्यावर मी लग्नातही पाहिला नव्हता असा आनंद होता. नवशिक्याच्या मुठीत एवढा मोठा दडलेला दोष आहे आणि तो तिला सापडलाय, म्हणजे नोकरी पक्की. ती मला सांगत राहिली, मानेवर मारा, आता खांद्यावर, अजून जोरात. मी मारत राहिले.

इथे खालच्या मजल्यावरच्या हेडबाईंचा विषय येतो. या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळा सुटली तरी त्यांची देखरेख सुटलेली नाही, फक्त वर्ग बदललाय; आता आमची इमारत आहे. त्या दिवशी संध्याकाळी त्या वर आल्या. त्यांनी सुनेच्या प्लॅस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दिवसभर घरातून "मारा, मानेवर मारा" ऐकू येतंय, असं म्हणाल्या. आवाज सुनेचाच आहे हे त्यांनी मान्य केलं, पण धमकावलं की माणूस काहीही बोलतो, असा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी मला सरळ विचारलं की सुनेचा हात कसा मोडला.

खोटं बोलायचं नाही. मी म्हणाले, "माझ्यामुळे."

त्यांनी विचारलं, आणि हे मारणं कशाचं? करारावर सही होती. मी म्हणाले, ते मला सांगता येत नाही. बाल्कनीतून आमचे हे मदतीला धावले. त्यांनी सांगितलं की काळजी करू नका, सुनेच्या नोकरीसाठी हिला मारावं लागतं. हेडबाई उठल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज कुठल्यातरी वेळी यायच्या, वाटी मागायला, वाटी द्यायला, आणि प्रत्येक वेळी सुनेला आधी न्याहाळायच्या. सून खुलासा करायला लागली की त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत आणि माझ्याकडे बघत. इतक्या वर्षांत जिन्यावरून जाताना कुणाला माझ्या चपलेचा आवाज आला नाही, आणि आता बायका मला बघून मुलींचे हात धरायला लागल्या. मी आवाज चढवला नाही. पण एकदा पाणी तापवताना भांडं जरा जोरात ठेवलं.

सुनेने रिपोर्ट पाठवला. रिपोर्टात तिने लिहिलं की लाकडी मुठीचा दडलेला आकडा चुकलेला आहे. बुधवारी दुपारी त्याचं उत्तर आलं आणि घरातली हवाच बदलली.

कंपनीत शस्त्रांचा वेगळा विभाग आहे, त्याचा एक मुख्य माणूस आहे. लाकडी मूठ त्यानेच बनवलेली. त्याने लिहिलं होतं की आम्ही तीच मूठ लावून पाहिली, तसं काहीही होत नाही. हा रिपोर्ट एक तर निष्काळजीपणे केलाय किंवा आकडे मनाने भरलेत. प्रमुख बाईंनी खाली एकच ओळ जोडली होती. शुक्रवारी सकाळी सगळ्यांसमोर करून दाखवा. झालं तर बोलू, नाही झालं तर तो शेवटचा दिवस धरा.

मनाने भरलेत, हे शब्द सुनेने दोनदा म्हटले. तिला राग नोकरीचा नव्हता, या शब्दांचा होता.

शुक्रवारसाठी ऑफिसने एक कोरा सरदार पाठवला. म्हणजे आधी काही न केलेला, नुकताच गावात उतरलेला. गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर सुनेने डाव्या हाताने चाचपडत तो सुरू केला, लोहाराकडून लाकडी मूठ बसवली, तडक माळावर गेली आणि वार केला. पुतळ्यातून दोन काड्या पडल्या. पुन्हा केला. काडीही पडली नाही. ती मारत राहिली, आणि पुतळा तसाच उभा. तिच्या कपाळावर घाम आला. मला म्हणाली, आई, तुम्ही बसा.

मी बसले. सरदाराला लोहाराकडे नेलं, मूठ काढून परत बसवली, माळावर गेले, परत आले, पुन्हा गेले. येताजाता देवळापाशी वाकले. सुरुवातीला काही नाही. मग हळूहळू पुतळा हलायला लागला. मग त्याचा हात गेला. संध्याकाळ होईतो डोकं उडालं. सुनेने खुर्चीवर मान टाकली आणि डोळे मिटले. म्हणाली, "तुमच्याच हातात होतंय, आई. लाकूड रुळायला वेळ लागत असेल. उद्या सरदार पुन्हा कोरा करू, आणि तुम्हीच बसा." दारातून आमच्या ह्यांनी सांगितलं की काहींच्या हाताला गुणच असतो, त्यांच्या एका काकांनी लावलेलं कुठलंही झाड जगायचं. त्या काकांची पूर्ण हकीकत आम्ही ऐकली.

शुक्रवारी सकाळी मी पूजेला बसले. निरांजन लावलं, हात जोडले, वाकले, आणि वाकलेलीच राहिले.

सुनेने मूठ बसवली आणि ती तडक माळावर गेली होती. देवळापाशी थांबली नव्हती.

मुठीत काहीच नव्हतं. लाकडाची बिचारी साधी मूठ होती ती. जे होतं ते वाकण्यात होतं. जितक्यांदा मी वाकत होते तितका आत कुठेतरी एक न दिसणारा आकडा चढत होता, आणि लाकडी मूठ शेवटी लावली म्हणून सगळं तिच्या नावावर जमा झालं होतं. शस्त्रवाला माणूस खरं बोलत होता. सुनेचा रिपोर्ट चूक होता. तो चुकला होता माझ्यामुळे.

आणि मीटिंगला तासभरही उरला नव्हता.

मी तशीच बसून विचार केला. देवासमोर बसून असा विचार करावा लागला, याचं मला अजून वाईट वाटतं. नेहमीसारखी जाता-येता वाकले, तर पुतळा सगळ्यांसमोर फुटेल, सुनेची नोकरी राहील, आणि एका निर्दोष मुठीवर आणि ती बनवणाऱ्यावर कायमचा आळ येईल. ते मुकाट्याने केलेलं खोटंच. न वाकता गेले, तर नेम मोडला, आणि पुतळाही उभा राहिला, म्हणजे सून गेली. आणि सुनेला आधी सांगितलं तर? ती आत कपडे करत होती, एका हाताने, सेफ्टी पिन दातात धरून, आणि शस्त्रवाल्याला काय काय उत्तरं द्यायची ती मोठ्याने पाठ करत होती. मी दारात उभी राहून हाक मारली. तिने ऐकलं नाही. माझी हाक पहिल्या वेळेला कुणालाच ऐकू जात नाही. दुसरी मारणार तोच बेल वाजली. हेडबाई. आज सकाळपासून घरात फारच शांतता आहे, म्हणून काळजी वाटली, म्हणाल्या. ह्यांनी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि काकांच्या झाडाची गोष्ट सुरू केली. तोवर सुनेने लॅपटॉप उघडला होता.

पडद्यावर एकेक चेहरा उगवला. प्रमुख बाई, केस घट्ट बांधलेल्या, हसू नाही. शस्त्रवाला, दाढीवाला, हाताची घडी. आणखी काही जण नुसत्या काळ्या चौकटीत, नावापुरते. प्रमुख बाईंनी विचारलं, मदतनीस कोण? सून म्हणाली, माझ्या सासूबाई. शस्त्रवाल्याची एक भुवई वर गेली. कोरा सरदार लोहाराच्या दुकानासमोर उभा होता. समोर देऊळ. दिवा तेवतोय.

"सुरू करा," प्रमुख बाई म्हणाल्या.

माझा अंगठा बटणावर होता. सून टेबलाखालून माझा पदर धरून बसली होती, लहान मुलं धरतात तसा. मी बटण दाबलं नाही. मी म्हणाले, मला आधी काही सांगायचंय.

आवाज येत नाही, असं पडद्यावरून आलं. मी पुन्हा म्हणाले. शस्त्रवाल्याने सांगितलं, माइक जवळ घ्या. घेतला. तरी येईना. माझा आवाज एवढाच आहे आणि तो वाढवायचा नाही असं मी रोज सकाळी ठरवते. शेवटी सून म्हणाली, मला सांगा, मी सांगते त्यांना. तिला वाटलं मला पाणी वगैरे हवं असेल.

मी तिच्या कानात बोलले. ती ताठ बसून म्हणाली, "आई म्हणतात, त्या लाकडी मुठीत काही दोष नाही."

म्हटल्यावर तिला कळलं की ती काय म्हणाली. तिने माझ्याकडे वळून पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. शस्त्रवाल्याची घडी सुटली.

"पुढे?" प्रमुख बाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाकले तिच्या कानाशी. "आई म्हणतात," सून थांबून थांबून बोलू लागली, "वेशीवर एक देऊळ आहे. त्या जाताना आणि येताना प्रत्येक वेळी सरदाराला वाकायला लावतात. आणि जितक्यांदा तो वाकतो..." इथे तिचा आवाज माझ्याइतकाच लहान झाला. ऐकू येत नाही, असं कुणीतरी म्हणालं. तिने घसा साफ केला. "जितक्यांदा वाकतो, तितका पुढचा वार चढतो. कुठलीही मूठ असो. माझा रिपोर्ट चुकीचा आहे."

हे शेवटचं वाक्य मी सांगितलं नव्हतं. ते तिने स्वतःचं जोडलं.

स्वयंपाकघरातून काकांच्या झाडाला पहिला बहर आल्याचं ऐकू येत होतं.

शस्त्रवाला म्हणाला, हे लगेच तपासता येईल. त्याने लोखंडी मूठ बसवायला सांगितली आणि मला म्हणाला, आता देवळापाशी जाऊन वाका, खूप वेळा. मला ते जिवावर आलं. कुणीतरी सांगतंय म्हणून, पुतळा फोडायला म्हणून वाकायचं. मी मनात क्षमा मागितली आणि बटण दाबत राहिले. सरदार कधीच घाई करत नाही. तो दर वेळी सावकाश खाली जायचा, थांबायचा, वर यायचा, आणि तेवढे सगळे लोक हातातली कामं सोडून बघत बसले होते. मग मी त्याला माळावर नेलं. तो रस्ता त्या दिवशी फार लांब वाटला. एक वार केला. पुतळा नाहीसाच झाला. मागचं कुंपणही पडलं.

काळ्या चौकटींतल्या एकीतून खाकरल्याचा आवाज आला. देऊळ मी केलं होतं, असं तो आवाज म्हणाला. वाकण्याला थोडासा गुण ठेवला होता, कुणाला कळणार नाही असा. माणूस एकदा वाकेल, फार तर दोनदा, असं धरून चाललो. मर्यादा घालायची राहिली.

प्रमुख बाईंनी विचारलं, इतके महिने इतके लोक हा गेम तपासतायत, आणि कुणी दुसऱ्यांदा वाकलं नाही?

मग त्या सुनेकडे वळल्या. तपासनिसाने प्रत्येक कृती लिहायची असते, ही पहिली शिकवण आहे. वाकण्याचा तुमच्या रिपोर्टात उल्लेख कसा नाही? मी डोळे मिटले.

सून म्हणाली, "मॅडम, मला ते दिसलंच नाही. लग्न होऊन आल्यापासून बघतेय. आई बाहेर जाताना वाकतात, आत येताना वाकतात, गॅस पेटवताना वाकतात. त्यांनी श्वास घेतला हे मी लिहिलं नाही, तसं हेही राहिलं."

शस्त्रवाला हसला. प्रमुख बाई हसल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत कळवते, म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

सून रडली नाही, पण डोळे लाल झाले. मी तिला सांगणार होते की मला सकाळीच कळलं आणि मी हाक मारली होती; पण ते सगळं निमित्त वाटलं, म्हणून नुसती बसले. तिने विचारलं, "आधी का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, सांगायलाच हाक मारली होती, तुला ऐकू गेली नाही. ती म्हणाली, "आई, एकदा तरी ओरडत जा हो." मी म्हणाले, बघते. नेमक्या त्याच वेळी हेडबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांनी सुनेचे लाल डोळे पाहिले, मला पाहिलं, आणि पर्समधून कौटुंबिक सल्ला केंद्राचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. दोघींनी जा, म्हणाल्या, आवाज न करणारी माणसंच जास्त कठीण असतात. करार होता. मी कार्ड घेतलं आणि आभार मानले.

संध्याकाळी फोन आला. सुनेने तो स्पीकरवर टाकला, कारण एका हाताने वहीही धरायची होती. प्रमुख बाईंचं म्हणणं असं होतं: रिपोर्ट चुकीचा, म्हणून कायम करता येत नाही. दोष मात्र खरा आणि मोठा सापडला, म्हणून काढताही येत नाही. देऊळवाला सोमवारपर्यंत दुरुस्ती करेल. वाकण्याचा गुण पूर्ण काढून टाकणार. दुरुस्त गेम तुम्ही दोघींनी तपासायचा आणि वाकल्याने काहीही होत नाही हे सिद्ध करायचं. ते चोख झालं तर कायम. या वेळी श्वाससुद्धा लिहा, असं त्या म्हणाल्या. त्या हसल्या असाव्यात, पण फोनवर ते कळत नाही.

म्हणजे आता माझं काम होतं, देवाला नमस्कार करून काहीही होत नाही हे सिद्ध करणं. सुनेची भाकरी त्यावर होती. मी रविवारी दिवसभर फारशी बोलले नाही. घरात कुणाला फरक कळला नाही.

सोमवारी पूजेला बसले तेव्हा काय मागावं हा प्रश्न पडला. इतकी वर्षं मी मागत आले ते काहीतरी घडावं म्हणून. आज काही घडू नये, हे मागायचं होतं. नेहमीच्या नशिबानेही एखादा वार मर्मावर बसतो. तो नेमका वाकल्यानंतर बसला तर पुन्हा शंका, पुन्हा मीटिंग. शेवटी मी हात जोडून म्हणाले, देवा, आजचा दिवस तुझा काही उपयोग होऊ देऊ नकोस. असं म्हणणारी मी पहिलीच असेन. निरांजन शांत जळत होतं.

सून डाव्या हाताने वही धरून बसली. मी वाकले, माळावर गेले, मारलं. काड्या पडल्या. परत आले, वाकले, गेले, मारलं. काड्या. लोखंडी, पितळी, कातडी, हाडाची. प्रत्येक वेळी सरदार खाली गेला की मी श्वास धरायची, आणि सून वहीवरून मान वर न करता म्हणायची, धरू नका, तोही लिहावा लागेल. मग लाकडी मूठ आली. मी सरदाराला वाकवलं, पुन्हा वाकवलं, आणखी वाकवलं, मग त्या लांब रस्त्याने माळावर नेलं आणि वार केला.

पुतळ्याच्या डोक्यावरचं टोपलंसुद्धा हललं नाही.

सुनेने पेन खाली ठेवलं. मग हसली, मग रडली, मग मला एका हाताने मिठी मारली, आणि प्लॅस्टर माझ्या कपाळाला लागलं. कपाळावर टेंगूळ आलं. हेडबाईंनी ते दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि बराच वेळ विचारात पडल्या. त्यानंतर त्या माझ्याशी जरा मायेने बोलायला लागल्या.

रिपोर्टात तिने लिहिलं: नमस्काराचा परिणाम, शून्य. चाचणी यशस्वी. मी सकाळी जे मागितलं होतं ते तिला सांगितलं, आणि तेच मिळालं हेही सांगितलं. ती पेन धरून थबकली. मी म्हटलं, हे रिपोर्टात घालू नकोस. नाही तर पुन्हा तपासायला लावतील.

दुपारी पत्र आलं, नोकरी कायम. ह्यांनी बाल्कनीतून अभिनंदन केलं.

गेम बंद करायच्या आधी सरदाराला लोहारापाशी परत न्यावं लागतं. मी त्याला माळावरून आणत होते. वेशीशी पोचले, आणि अंगठा आपोआप डावीकडच्या खालच्या बटणावर गेला. सरदार सावकाश कमरेत वाकला.

"आई, चाचणी संपली," सून म्हणाली.

"हो ना," मी म्हणाले. "आता निवांत करता येईल."